पहिला गोल्फ बॉल कोणता घ्यावा: वावरात सराव करणाऱ्यांसाठी

गोल्फ शिकायला सुरुवात केलेला माणूस बॉल घ्यायला गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातला लांब कोणता जाते?" दुकानदारही 'डिस्टन्स' असं मोठ्या अक्षरात छापलेला डबा पुढे सरकवतो आणि सौदा होऊन जातो. पहिल्या वर्षात हा प्रश्न कामाचाच नाही. बॉलच्या लांबीला वरूनच वेसण घातलेली आहे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेतली यूएसजीए आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. त्यांच्या नियमाप्रमाणे बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. यंत्रानं ठरावीक जोरात मारल्यावर बॉल किती वेगानं सुटावा आणि किती दूर जावा, यालाही मर्यादा आहे. सगळ्या नावाजलेल्या कंपन्या त्या मर्यादेच्या काठापर्यंत येऊन थांबलेल्या आहेत. त्यामुळे दोन डब्यांमधला फरक पाच-दहा यार्डांचा निघतो, आणि नवशिक्याच्या एकाच क्लबनं (गोल्फच्या काठीनं) मारलेल्या दहा फटक्यांत चाळीस यार्डांचा फरक सहज असतो. डब्यांमधला फरक त्या गर्दीत दिसतच नाही.

दिसतो तो तीन ठिकाणी. बॉल हरवल्यावर खिशाला किती चटका बसतो, हरवलेला बॉल नजरेला सापडतो का, आणि वीस-तीस मीटरवरून हळूच उचलून मारलेला बॉल पडल्यावर कसा वागतो. निवड याच क्रमानं करावी. ड्रायव्हर या सगळ्यांत लांब मारायच्या क्लबनं बॉल किती दूर जातो, ते सगळ्यांत शेवटी.

आता आपल्याकडची परिस्थिती. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, भंडारा कुठलाही जिल्हा घ्या, गवताचं खरं ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पाहायचं तर बहुतेकांना नागपूरकडे जावं लागतं. रोजचा सराव होतो तो सोयाबीन निघालेल्या वावरात, मुरमाड पडितावर, नाही तर शाळेच्या मैदानावर. बॉल निवडण्याचे बाहेरचे सगळे सल्ले मऊ गवत गृहीत धरून दिलेले असतात. काळ्या मातीत त्यातले निम्मे लागू पडत नाहीत. उन्हाळ्यात रेगडीला हात हात खोल भेगा पडतात, बॉल त्यात गेला की गेलाच. पावसाळ्यात तीच माती बॉलला अशी चिकटते की तो दिसायला लाडवासारखा होतो. सोयाबीन कापल्यावर उरलेली धसकटं आणि मुरमाचे खडे कव्हरवर ओरखडे काढतात. म्हणजे आपल्याला हवा तो स्वस्त, टणक कव्हरचा आणि लांबून दिसणारा बॉल.

आतली रचना एकदा डोळ्यांनी पाहिली की डब्यावरचे अर्धे शब्द आपोआप कळतात. एखादा फाटका, टाकाऊ टू-पीस (दोन भागांचा) बॉल वेल्डिंगच्या दुकानात न्यावा, व्हाइसमध्ये घट्ट धरून आरीच्या पात्यानं मधोमध कापावा. पातं सुरुवातीला घसरतं, म्हणून आधी कानशीनं एक खाच करून घ्यायची. दोन भाग झाले की मध्ये एकसारख्या रंगाचा रबराचा गोळा दिसतो. हा कोअर, पॉलिब्युटाडाइन नावाच्या कृत्रिम रबराचा. त्याभोवती दीड-दोन मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकसारखं कव्हर असतं. हे आयोनोमरचं. ड्युपाँ कंपनीनं आपल्या आयोनोमरला दिलेलं सर्लिन हे नाव इतकं रुळलं की लोक सरसकट तेच म्हणतात. नखानं दाबून पाहिलं तर खूण उठत नाही. एक खबरदारी: धागा गुंडाळलेले फार जुने बॉल कापू नयेत. त्यातल्या काहींच्या पोटात दाबाखाली द्रव भरलेला असतो, तो डोळ्यात उडतो.

थ्री-पीस, फोर-पीस बॉलमध्ये कोअर आणि कव्हर यांच्यात आणखी थर असतात. महागड्या बॉलचं कव्हर यूरेथेनचं असतं, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ आणि मऊ. सगळी किंमत त्या पातळ कव्हरची आणि ते चढवण्याच्या कामाची. वेज हा जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब, त्याच्या तोंडावर आडव्या खाचा असतात. मऊ कव्हर त्या खाचांमध्ये पकडलं जातं, बॉल उलटा गरगर फिरतो आणि ग्रीनवर पडल्यावर दोन टप्प्यांत थांबतो. टायटलिस्टचा प्रो व्ही१ २००० साली बाजारात आला आणि काही वर्षांत मोठ्या स्पर्धांमधून धागा गुंडाळलेले बॉल हद्दपार झाले, ते याचसाठी. एकाच बॉलमध्ये ड्रायव्हरला लांबी आणि वेजला पकड, दोन्ही मिळाली.

पण ही पकड दिसायला खाली गवत लागतं. उन्हाळ्यात भाजून निघालेल्या वावरावर यूरेथेनचा बॉल आणि साधा बॉल वीस मीटरवरून एकामागोमाग मारून पाहा. दोन्ही टणकन उडतात, दोन्ही धुऱ्यापर्यंत जातात. क्लबच्या तोंडावर माती बसली असेल तर फिरकी आणखी कमी होते, कारण खाचा बुजलेल्या असतात. ज्या गुणासाठी अडीच-तीनपट पैसे मोजायचे, तो गुण आपल्या जमिनीवर दिसतच नसेल तर पैसे कशाचे? शिवाय पातळ कव्हर मुरमाच्या एका खड्यावर सोललं जातं.

आणखी एक कारण आहे, आणि ते जमिनीशी नाही, फटक्याशी जोडलेलं आहे. उजव्या हाताच्या नवशिक्याचा बॉल बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो, त्याला स्लाइस म्हणतात. क्लबचं तोंड उघडं राहतं, बॉलला तिरपी फिरकी बसते. बॉल जितका जास्त फिरणारा, तितकं वळण मोठं. आयोनोमर कव्हरचा टू-पीस बॉल ड्रायव्हरवर कमी फिरतो, म्हणून तोच चुकीचा फटका थोडा कमी वळतो. बॉल स्लाइस दुरुस्त करत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. पण शेजारच्या तुरीत जाणारा बॉल कधी कधी धुऱ्यावर थांबतो, एवढा फरक पडतो.

तेव्हा पहिली निवड सरळ आहे. आयोनोमर कव्हरचा टू-पीस बॉल. नावं घ्यायची तर स्रिक्सन सॉफ्ट फील, कॅलवे सुपरसॉफ्ट, टायटलिस्ट ट्रूफील, विल्सन ड्युओ सॉफ्ट हे सगळे याच जातीचे. डेकॅथलॉनमध्ये इनेसिस नावाखाली मिळणारे साधे बॉलही सुरुवातीला पुरेसे आहेत. यातला कोणता, यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. जो आपल्याला सारखा मिळत राहील तो घ्यावा. ऑनलाइन मागवून तालुक्याच्या गावी आठ दिवसांनी मिळणार असेल तर पुढचा डबा हातातला संपायच्या आधीच सांगून ठेवायचा. एक मॉडेल धरलं की निदान सहा महिने बदलायचं नाही. कारण पटरनं (बॉल जमिनीवरून ढकलायच्या क्लबनं) किती जोर लावला की किती जातो, चिप केल्यावर (जवळून हळूच उचलून मारल्यावर) पहिला टप्पा कुठे पडतो, हे हाताला शिकायचं असतं. दर आठवड्याला बॉल बदलला तर हाताचा हिशेब बसतच नाही, आणि चूक फटक्याची होती की बॉलची हेही कळत नाही.

डब्यावर 'सॉफ्ट' लिहिलेलं असतं त्याबद्दल थोडं. बॉल दाबला तर किती दबतो, त्या आकड्याला कॉम्प्रेशन म्हणतात. चाळीस-साठच्या आसपासचे मऊ, नव्वदच्या वरचे टणक. मोजायची पद्धत सगळ्या कंपन्यांची एकसारखी नाही, आणि डब्यावर हा आकडा क्वचितच असतो. "हळू स्विंगवाल्यानं (क्लब हळू फिरवणाऱ्यानं) मऊ बॉल घ्यावा, तो त्याचा जास्त लांब जातो" असं सर्रास सांगितलं जातं. हे तितकंसं खरं नाही. मऊ बॉल क्लबवरून किंचित कमीच वेगानं सुटतो. स्विंग हळू असेल तर हा तोटा कमी असतो, एवढंच. मऊ बॉल घ्यायचा तो हाताला बरा लागतो म्हणून. थंडीत सकाळी सहा वाजता, पारा दहाच्या खाली असताना, टणक बॉल आयर्नच्या (धातूच्या पातळ तोंडाच्या क्लबच्या) टोकाला लागला की बोटांना झिणझिण्या येतात. मऊ बॉलला तो त्रास कमी.

हाताला बरा म्हणजे काय, हे पटरवर लगेच कळतं. घरापुढचं शेणानं सारवलेलं अंगण किंवा जुनं खळं असेल तर उत्तम. सारवण वाळून कडक झाल्यावर तिथे तीन मीटरवर एक वाटी उपडी ठेवून दोन जातींचे बॉल आलटून पालटून ढकलावेत. मऊ बॉलचा आवाज 'थप' असा दबका येतो, टणकाचा 'टक' असा. आवाजावरून माणसाचा हात नकळत जोर ठरवतो, म्हणून जो आवाज आवडेल तो घेतला तरी ती निवड शास्त्रशुद्धच आहे. अंगणाला उतार असतो, तेव्हा दोन्ही दिशांनी ढकलून पाहावं, नाही तर बॉलऐवजी अंगणाचीच परीक्षा व्हायची.

चिपची परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावी, मैदानावर हिरवळ असते तेव्हा. वीस पावलांवर एक बारदाना अंथरायचा आणि तो पडायची जागा समजायची. दोन मॉडेलचे तीन-तीन बॉल घ्यायचे, एक याचा एक त्याचा असे मारायचे. सलग तीन एकाच जातीचे मारले तर तिसऱ्यापर्यंत हात सुधारलेला असतो आणि श्रेय फुकट दुसऱ्या बॉलला जातं. प्रत्येक फटक्याआधी क्लबचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं. बारदान्यावर पडलेल्या बॉलचीच पुढची घसरण पावलांनी मोजायची, बाकीचे सोडून द्यायचे. एवढ्यातून फरक दिसला तर तो खरा. दिसला नाही तर स्वस्त तो घ्यावा.

रंगाचा विषय बाहेरचे लोक दोन ओळींत संपवतात, आपल्याकडे तो मोठा आहे. दिवाळीच्या आसपास पऱ्हाटी फुटते. पांढरा बॉल फुटलेल्या कापसाच्या वावरात गेला की तो शोधणं म्हणजे सरकी मोजत बसणं. वेचणीच्या वेळी खाली सांडलेला कापूसही असतोच. त्या दिवसांत पांढरा बॉल घरी ठेवावा. पिवळा बॉल हिरव्या गवतात छान उठून दिसतो, पण सोयाबीन पिवळं पडून पानगळ सुरू झाली की तोच बॉल पानात हरवतो. नारिंगी बॉल बाराही महिने बरा, फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाखाली खेळू नये, तिथे जमीनच केशरी झालेली असते. उन्हाळ्यात उघड्या काळ्या जमिनीवर मात्र साधा पांढरा सगळ्यांत लांबून दिसतो. डब्यात बारा बॉल असतात, तीन-तीनच्या चार पाकिटांत. काही कंपन्या एकाच मॉडेलचे वेगवेगळे रंग देतात. असं मॉडेल मिळालं तर एक डबा पांढरा, एक नारिंगी, असं करावं. बॉल तोच, रंग हंगामाप्रमाणे. चकाकी नसलेले मॅट बॉल उन्हात डोळ्यांवर येत नाहीत, पण काळ्या मातीचा डाग त्यांच्यावर लवकर बसतो आणि घासूनही पूर्ण जात नाही.

शोधायला वेळही फार नसतो. नियमाप्रमाणे बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच होती. तीन मिनिटांत सापडला नाही तर एक फटक्याचा दंड आणि पुन्हा पहिल्या जागेवरून मारायचं. म्हणून बॉल झुडपात गेल्याची शंका येताच पुढे चालू लागायच्या आधीच सोबत्याला "प्रोव्हिजनल मारतो" असं स्पष्ट सांगून दुसरा, तात्पुरता बॉल मारून ठेवायचा. न सांगता मारला तर तोच चालू बॉल धरला जातो, पहिला सापडला तरी उपयोग नाही. सापडलेला बॉल आपलाच आहे हे दाखवायला त्यावर खूण पाहिजे. कंपनीचं नाव आणि १ ते ४ मधला आकडा बहुतेक बॉलवर असतो, पण दोघांकडे एकच मॉडेल निघू शकतं. पक्क्या शाईच्या मार्करनं दोन ठिपके किंवा आपलं अक्षर, बॉलच्या दोन बाजूंना. एकाच बाजूला काढली तर ती नेमकी खाली मातीत जाते.

वापरलेले बॉल घ्यावेत का? घ्यावेत, पण पाहून. कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, पाण्यातून, झुडपांतून काढलेले बॉल धुऊन, प्रतवारी करून विकले जातात. नवशिक्या एका फेरीत पाच-सहा बॉल सहज घालवतो, त्यामुळे अर्ध्या किमतीत चांगल्या प्रतीचे मिळाले तर हिशेब जुळतो. गडबड होते ती 'रिफिनिश्ड' बॉलमध्ये. हे जुन्या बॉलवर रंग चढवून, वरून नाव पुन्हा छापून विकलेले असतात. खाली कोणता बॉल आहे, किती तडकलेला आहे, कळायला मार्ग नसतो. ओळखायचं असं: डिंपल म्हणजे पृष्ठभागावरच्या खळग्या, त्यांच्या कडा नव्या बॉलवर धारदार असतात. बॉल तिरप्या उन्हात धरून फिरवला तर प्रत्येक खळगीची अर्धचंद्रासारखी सावली स्वच्छ दिसते. रंग चढवलेल्या बॉलवर ही सावली बोथट दिसते, खळगीच्या तळाशी रंग साचलेला असतो. छापलेल्या नावाच्या कडा किंचित फुटलेल्या असतात. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघतो.

खळग्यांना एवढं महत्त्व देण्याचं कारण आहे. जुन्या काळी गटापर्चाचे गुळगुळीत बॉल नवे असताना नीट उडत नसत, ओरखडे पडल्यावर चांगले उडत, हे खेळणाऱ्यांच्याच लक्षात आलं. पुढे १९०५ मध्ये विल्यम टेलरनं खळग्यांच्या रचनेचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, मागची ओढ कमी होते, आणि उलट्या फिरकीमुळे बॉलला वर उचल मिळते. अगदी गुळगुळीत बॉल तेवढ्याच जोरात मारला तर निम्म्याच्या आसपासच जातो. आजच्या बॉलवर तीनशे ते चारशेच्या आसपास खळग्या असतात. प्रो व्ही१ वर २०२१ पासून ३८८, प्रो व्ही१एक्स वर ३४८. आकडा जास्त म्हणजे बॉल चांगला, असं काही नसतं. पण त्या रंगानं किंवा मातीनं बुजलेल्या नसाव्यात. माती एका बाजूला चिकटलेली असेल तर बॉल साधारण तिच्या उलट बाजूला वळतो.

पाण्यात फार दिवस राहिलेला बॉल वेगळा ओळखू येतो. कव्हरमधून पाणी हळूहळू आत शिरतं, चकाकी जाते, पांढरा रंग पिवळट-करडा होतो, आणि तो क्लबवर मेल्यासारखा लागतो. बोडीतून, नाल्यातून काढलेला बॉल अशाच अवस्थेत मिळतो. तो चिपच्या सरावाला ठेवावा, खेळायला नको. रेषा मारलेले रेंजचे (सरावाच्या जागेचे) बॉल मात्र कोर्सवरच सोडून यायचे. ते कोर्सवाल्यांचे असतात, आणि वारंवार मार खाण्यासाठी बनवलेले असल्यामुळे त्यांच्यावरून आपल्या लांबीचा अंदाजही चुकतो.

शंका असेल तर दोन मापं घरच्या घरी घेता येतात. सोनाराच्या काट्यावर वजन: चांगला बॉल साधारण ४५ ते ४५.९ ग्रॅममध्ये भरतो. आणि आयटीआयच्या पोराकडच्या व्हर्नियरनं तीन वेगवेगळ्या दिशांनी व्यास: ४२.७ च्या आसपास आणि तिन्हीकडे जवळपास सारखा. मोजताना जबडा खळगीत नाही, दोन खळग्यांच्या मधल्या भागावर टेकवायचा.

तिसरी परीक्षा मिठाच्या पाण्याची. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या कास्तकाराला ती सांगायची गरज नाही. बियाण्यातलं पोचट धान तरंगवायला दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकतात, तीच युक्ती. फक्त बॉलला तेवढं मीठ पुरत नाही. पाण्याच्या मानानं त्याची घनता १.१३ च्या जवळपास असते, म्हणून एका लिटरला अडीचशे ग्रॅम मीठ लागतं. कोमट पाणी घ्यावं, खडे मीठ असेल तर आधी कुटून घ्यावं, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावं आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. बॉल सोडला की तो तरंगतो, एक छोटा भाग पाण्याबाहेर राहतो. डोलायचा थांबला की बाहेर आलेल्या भागाच्या मध्यावर मार्करनं ठिपका द्यायचा. मग बोटानं गरगर फिरवायचा आणि पुन्हा थांबू द्यायचा. चार वेळा फिरवून प्रत्येक वेळी तोच ठिपका वर येत असेल तर बॉलचा जड भाग एका बाजूला आहे. तो पटिंगमध्ये सरळ रेषेतून हलू शकतो. दर वेळी वेगळी बाजू वर आली तर बॉल ठीक. बॉल बुडालाच तर तो खराब नाही, मीठ कमी आहे. नंतर साध्या पाण्यानं धुवायचं, नाही तर खळग्यांत मीठ वाळतं. नव्या डब्यातले बॉल या परीक्षेला लावत बसू नये, आता बहुतेक सगळे पास होतात. जुन्यांसाठी आणि अनोळखी नावांसाठी ती ठेवावी.

वावरात मारायच्या बॉलबद्दल सुरक्षेची गोष्ट आधी यायला पाहिजे होती, पण निवडीशी तिचा संबंध इथेच येतो. चौकोनी एकराची बाजू साधारण ६४ मीटर असते. नवशिक्याचा सात नंबरचा आयर्नसुद्धा शंभर मीटर ओलांडतो, ड्रायव्हर दीडशेच्या पुढे जातो, आणि बाजूला तीस मीटर सरकणं ही रोजची गोष्ट. बॉलचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर असतो. पलीकडच्या वावरात निंदण चालू असेल, ढोरं चरत असतील, तर खरा बॉल काढायचाच नाही. सलग तीन-चार एकर मोकळं आणि पुढे कुणी नाही हे स्वतः चालत जाऊन पाहिल्याशिवाय ड्रायव्हर मारायचा नाही. घराजवळ फोमचे किंवा भोकं असलेले प्लास्टिकचे सरावाचे बॉल वापरावेत. ते वीस-पंचवीस मीटरवर पडतात, कुणाला लागत नाहीत. स्विंगला पुरतात, बॉलच्या अंदाजाला नाही. खरा बॉल जवळून मारायचाच असेल तर मागे जाड बारदान्याचा दुहेरी पडदा सैल टांगावा, खालचा काठ मोकळा ठेवून. ताणून बांधला तर बॉल उसळून अंगावर येतो. टिनाच्या भिंतीसमोर अजिबात मारायचं नाही.

बॉल ठेवायची जागा सावलीची, घरातली. मे महिन्यात टिनाखाली किंवा बंद गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवलेला डबा चांगला राहील अशी अपेक्षा धरू नये. थंडीत उलट, रात्री बाहेर गार पडलेला बॉल काही यार्ड कमी जातो, म्हणून सकाळी खेळायचा बॉल आदल्या रात्री घरात आणून ठेवावा. खेळताना मुद्दाम गरम करणं मात्र नियमात बसत नाही. धुताना कोमट पाणी आणि सुती फडकं पुरेसं आहे. भांड्यांची तारेची घासणी लावली की कव्हर खरबरीत होतं.

यूरेथेनकडे कधी जावं, तर गवताच्या कोर्सवर महिन्यातून एक-दोनदा तरी खेळणं होत असेल, अख्ख्या फेरीत हरवणारे बॉल दोन-तीनवर आले असतील आणि वीस पावलांवरचा चिप दहातून सहा-सात वेळा ठरवलेल्या जागी पडत असेल तेव्हा. तेव्हाही डझन नको, तीन बॉलचं एकच पाकीट घ्यावं. ते कोर्सवरच काढायचं. वावरात, धसकटांत आणि मुरमावर मारायला जुने टू-पीस बॉल चालू ठेवावेत.